मिक्समध्ये बेस स्पष्ट आणि दमदार कसा आणावा: तारांपासून शेवटच्या तपासणीपर्यंत

मिक्समध्ये, म्हणजे सगळ्या ट्रॅकच्या एकत्र आवाजात, बेस गिटार ऐकू येत नाही, म्हणून ६० हर्ट्झ चार डीबीने (डेसिबलने) वाढवायचे. तरी ऐकू येत नाही, म्हणून फेडर (ट्रॅकच्या आवाजाची सरकपट्टी) वर सरकवायचा. एव्हाना स्पीकर घुमायला लागलेले असतात, किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) बुडालेली असते, आणि बेस नेमका कोणता सूर वाजवतोय ते अजूनही कळत नसते. घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यांकडून ही चूक पुन्हा पुन्हा होते.

बेसचा दम खर्जात असतो, पण त्याची स्पष्टता तिथे नसते. चार तारांच्या बेसची सर्वांत जाड ई तार ४१.२ हर्ट्झवर वाजते. तिचे हार्मोनिक्स (मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर) ८२, १२४, १६५ असे वर चढत जातात, आणि सूर कोणता हे कान बहुतेक वेळा या हार्मोनिक्सवरूनच ओळखतो. बोट किंवा पिक तारेला लागल्याचा आवाज त्याहून वर, साधारण ७०० हर्ट्झ ते ३ किलोहर्ट्झ या पट्ट्यात असतो. म्हणजे बेस 'ऐकू येत नाही' तेव्हा बहुतेकदा मधला पट्टा दबलेला असतो, नाहीतर सुरांच्या पातळ्या एकसारख्या नसतात. खर्ज कमी पडलाय असे क्वचितच असते.

खालचे टप्पे क्रमाने करा. प्रत्येक टप्पा आधीच्यावर उभा आहे, त्यामुळे तिसरा वगळून सातव्याकडे उडी मारली तर सातव्याचे आकडे निरुपयोगी ठरतात. सॉफ्टवेअर कोणतेही चालेल. रीपर, क्यूबेस, लॉजिक, एबलटन लाइव्ह या सगळ्यांत सोबत मिळणारे ईक्यू (ठरावीक पट्टे कमी-जास्त करणारे साधन) आणि कॉम्प्रेसर (मोठे सूर दाबून पातळी सारखी करणारे साधन) या कामाला पुरतात.

## टप्पा १: आधी वाद्य, मग संगणक

जुन्या, घामाने मंद झालेल्या राउंडवाउंड तारांमध्ये वरचे हार्मोनिक्स उरलेलेच नसतात. जे रेकॉर्डच झाले नाही ते ईक्यूने वाढवता येत नाही, फक्त खरखर वाढते. ठोसा हवा असेल तर नव्या तारा चढवा, त्या ओढून ताणून स्थिर होऊ द्या आणि मगच रेकॉर्ड करा. गाण्याला मऊ, जुन्या धाटणीचा आवाज हवा असेल तर फ्लॅटवाउंड तारा योग्य आहेत, पण मग त्यांच्याकडून झणझणीत धार मागू नका.

इंटोनेशन तपासा. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता तिला नुसता स्पर्श करून काढलेला सूर) आणि त्याच फ्रेटवर दाबलेला सूर ट्यूनरवर एकाच जागी आले पाहिजेत. दाबलेला सूर चढा येत असेल तर ब्रिजवरचे सॅडल मागे घ्या, उतरता येत असेल तर पुढे आणा. बेसचा सूर किंचित हलला तरी वरची सगळी वाद्ये बेसूर वाटतात, आणि ऐकणाऱ्याला दोष गायकाचा वाटतो.

अॅक्टिव्ह बेस (बॅटरीवर चालणारे सर्किट असलेला) असेल तर बॅटरी बदला. उतरलेल्या बॅटरीमुळे जोरात वाजवलेले सूर फाटतात आणि तो दोष नंतर निघत नाही.

तपासणी: प्रत्येक तार आणि प्रत्येक फ्रेट सावकाश वाजवून बघा. एखादा सूर इतरांपेक्षा लवकर विझतो का? बऱ्याच बेसवर जी तारेच्या पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास अशी मेलेली जागा सापडते. तो सूर शक्य असेल तर दुसऱ्या तारेवर वाजवा.

## टप्पा २: रेकॉर्डिंग

बेस सरळ ऑडिओ इंटरफेसमध्ये घेत असाल तर इनपुटवरचे इन्स्ट्रुमेंट किंवा हाय-झेड बटण चालू हवेच. पॅसिव्ह (बॅटरी नसलेला) पिकअप लाइन इनपुटला जोडला की इनपुटचा इम्पिडन्स कमी पडतो आणि वरची धार तिथेच मरते. इन्स्ट्रुमेंट इनपुट साधारण १ मेगाओहमचा असतो, म्हणून पिकअपवर भार येत नाही. इतक्या छोट्या बटणामुळे पूर्ण रेकॉर्डिंग फुकट जाऊ शकते.

२४ बिटवर रेकॉर्ड करा. सर्वांत जोरात वाजवलेल्या जागा उणे १२ ते उणे १० डीबीच्या आसपास आल्या की पुरे. २४ बिटमध्ये नॉइज इतका खाली असतो की मीटर लालपर्यंत ढकलण्यात काहीच फायदा नाही, तोटा मात्र आहे: स्लॅप (अंगठ्याने तारेवर मारणे) किंवा पिकचा एखादा फटका क्लिप होतो, म्हणजे मर्यादेबाहेर जाऊन फाटतो, आणि तो नेमका चांगल्या टेकमध्ये असतो. वाजवताना बफर (संगणक आवाज थोडा साठवून मग पुढे देतो तो साठा) ६४ किंवा १२८ सॅम्पल ठेवा. आवाज उशिरा कानावर आला की वादक नकळत घाईने वाजवतो.

वाजवण्याविषयी दोन गोष्टी, कारण माझ्या मते अर्धा ठोसा इथेच ठरतो. पहिली: ब्रिजजवळ बोट मारले की आवाज टणक येतो आणि नेकजवळ मारले की गोल. एका गाण्यात हात सारखा जागा बदलत राहिला तर दोन वेगळ्या वाद्यांचे तुकडे जोडल्यासारखे ऐकू येते. दुसरी: न वाजणाऱ्या तारा दाबून ठेवा. ए तार वाजताना मोकळी ई तार हलकी गुणगुणत राहते. एकटी ऐकताना ती जाणवतही नाही, पण कॉम्प्रेसर लागला की वर येते.

गुणगुण ऐकू येत असेल तर तारांना हात लावा. हात लावल्यावर ती थांबली तर प्रश्न वाद्याच्या अर्थिंगचा किंवा शिल्डिंगचा आहे. थांबली नाही तर वाद्य हळूहळू वळवून बघा. सिंगल कॉइल पिकअप एखाद्या दिशेला गप्प होतो. लॅपटॉप चार्जरवर असतानाच किणकिण येत असेल तर टेकपुरता चार्जर काढा.

सावधान: अँप किंवा अँप सिम्युलेशनच्या आवाजात वाजवायला मजा येते, पण कोरडा डीआय ट्रॅक (अँपशिवाय बेसमधून सरळ घेतलेला) वेगळा रेकॉर्ड झालाच पाहिजे. आवाज नंतर बदलावासा वाटला तर तोच कामी येतो.

## टप्पा ३: खोली खोटे बोलते, ते आधी ओळखा

हा टप्पा सगळ्यात जास्त वगळला जातो, आणि चुकीचे ईक्यू इथूनच सुरू होते.

समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ३.४३ मीटर अंतर असेल तर त्यांच्यात उभी राहणारी सर्वांत खालची लहर ५० हर्ट्झची असते. बेसवर ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटचा जी ४९ हर्ट्झ, म्हणजे जवळपास तोच. अशा खोलीत भिंतीला टेकून ऐकले तर तो जी फुगलेला वाटतो, आणि दोन भिंतींच्या बरोबर मध्ये बसले तर जवळजवळ गायब होतो. मध्ये बसलेला माणूस ५० हर्ट्झ वाढवतो, भिंतीशी बसलेला कापतो. रेकॉर्डिंग एकच, निर्णय दोन आणि दोन्ही चुकीचे.

उपाय महागडा नाही. सॉफ्टवेअरमधल्या टोन जनरेटरवर ४० ते २०० हर्ट्झपर्यंत एकाच पातळीचा सूर हळूहळू वर न्या आणि नेहमीच्या जागी बसून ऐका. कुठे फुगतो, कुठे बुडतो ते लिहून ठेवा. त्या आकड्यांवर स्पीकरच्या भरवशावर निर्णय घेऊ नका. तिथे हेडफोन आणि स्पेक्ट्रम अॅनालायझर (कोणती फ्रिक्वेन्सी किती आहे ते दाखवणारे साधन) वापरा. बसण्याची जागा खोलीच्या अगदी मध्यावरून थोडी पुढे सरकवली तरी फरक पडतो.

त्याच धाटणीचे, तयार झालेले एक गाणे प्रोजेक्टमध्ये टाका आणि त्याची पातळी तुमच्या मिक्सइतकी खाली आणा. तयार गाणे मास्टर केलेले असल्याने मोठे वाजते. पातळी न जुळवता तुलना केली तर तुमचा बेस नेहमीच अशक्त वाटेल.

सावधान: हळू आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो, मोठ्या आवाजात जास्त. बेसचे निर्णय घेताना मॉनिटरची पातळी एकदा ठरवा आणि ती सारखी फिरवू नका.

## टप्पा ४: प्लगइनच्या आधी एडिटिंग

बेस आणि किकचे ट्रॅक एकाखाली एक ठेवून वेव्हफॉर्म मोठे करा. जिथे दोघांनी एकत्र पडायला हवे तिथे बेस पुढे पळालाय का बघा. बेस किकच्या किंचित मागे असेल तर चालते, कित्येकदा छानही वाटते. पुढे असेल तर किकचा फटका बोथट होतो. सगळा ट्रॅक ग्रिडला (सॉफ्टवेअरमधल्या मात्रांच्या रेषांना) चिकटवू नका, फक्त खटकणारे सूर सरकवा. डोळ्याला दिसणारा प्रत्येक फरक कानाला खटकतोच असे नाही.

सूर कुठे सुरू होतो याइतकेच तो कुठे संपतो हेही महत्त्वाचे आहे. स्नेअरच्या फटक्याआधी बेसचा सूर थांबला तर स्नेअर आणि बेस दोघेही मोठे वाटतात, एकही नॉब न फिरवता. लांबलेले शेवट छाटा, प्रत्येक कापावर ५ ते १० मिलिसेकंदांचा फेड द्या. खर्जातल्या सुराची लहर मध्येच तुटली की ठळक टिचकी ऐकू येते.

आता पातळ्या. क्लिप गेन (रेकॉर्डिंगच्या निवडलेल्या तुकड्याची पातळी) वापरून फार मोठे सूर दोन-तीन डीबी खाली आणि दबलेले तेवढेच वर आणा. कंटाळवाणे काम आहे, पण कॉम्प्रेसरकडून हेच काम करून घ्यायला गेलात तर मोठ्या सुरांवर तो दहा-बारा डीबी दाब देईल आणि जीव काढून घेईल.

तपासणी: फेडर खाली ओढून बेस जेमतेम ऐकू येईल इतका हळू करा आणि पूर्ण गाणे ऐका. जे सूर गायब होतात त्यांच्यावर अजून काम बाकी आहे.

## टप्पा ५: डीआय आणि अँप एका वेळेवर आणा

फक्त डीआय असेल तर हा टप्पा सोडून पुढे जा. दोन ट्रॅक असतील तर मात्र इथे थांबावेच लागेल.

आवाजाला ३४ सेंटिमीटर अंतर कापायला सुमारे १ मिलिसेकंद लागतो. स्पीकरपासून तेवढ्या अंतरावर माइक असेल तर अँपचा ट्रॅक डीआयच्या १ मिलिसेकंद मागे पडतो. दोन्ही समान पातळीवर मिसळले की ५०० हर्ट्झ, मग १,५००, मग २,५०० अशा जागी आवाज एकमेकांना खाऊन टाकतो. म्हणजे ज्या पट्ट्यात स्पष्टता असते तिथेच खड्डे पडतात, आणि आपण शोधत बसतो की चांगले अँप, चांगला माइक असूनही आवाज पोकळ का.

वेव्हफॉर्मवर एखाद्या सुराची पहिली लहर शोधा आणि अँपचा ट्रॅक डावीकडे, म्हणजे लवकर सुरू होईल असा ओढून ती डीआयशी जुळवा. ४८ किलोहर्ट्झवर १ मिलिसेकंद म्हणजे ४८ सॅम्पल. मग एका ट्रॅकची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटी करून ऐका. दोन्हींपैकी ज्या स्थितीत खालचा भाग भरीव येतो ती ठेवा.

डोळ्याने जुळलेले कानाला जुळतेच असे नाही, कारण अँप आणि स्पीकर प्रत्येक फ्रिक्वेन्सीचा फेज (लहर आवर्तनात कुठे आहे ते) वेगवेगळा फिरवतात. म्हणून शेवटचे दोन-चार सॅम्पल मागेपुढे करून कानानेच ठरवा. जुळवणे काही केल्या जमत नसेल तर खर्ज पूर्णपणे डीआयकडून घ्या आणि अँपच्या ट्रॅकचा खालचा भाग कापून त्याच्याकडून फक्त मधला पट्टा घ्या.

## टप्पा ६: ईक्यू, पहिली फेरी फक्त काढण्याची

इथे काहीही वाढवायचे नाही.

हाय-पास फिल्टर (दिलेल्या आकड्याखालचा आवाज कापणारा) ३० हर्ट्झवर, दर सप्तकाला १२ डीबी उताराचा. ई तारेच्या खाली गाण्यात सूर नाहीत. तिथे असतो तो हात आपटल्याचा आणि पिकअप दाबला गेल्याचा धक्का. पाच तारांच्या बेसवर बी तार ३०.९ हर्ट्झची असल्याने फिल्टर २५ च्या आसपास ठेवा. फार तीव्र उतार टाळा, कारण तो त्याच्या वरच्या सुरांचा फेजही फिरवतो आणि फटका सैल होतो.

पुढे २०० ते ३०० हर्ट्झ. गढूळपणा बहुतेक इथेच असतो, कारण गिटार, कीबोर्ड आणि पुरुषी आवाज यांचाही इथे मुक्काम असतो. रुंद क्यूने, म्हणजे रुंद पट्टा घेऊन, २ ते ४ डीबी काढा. नेमकी जागा शोधायला सगळी वाद्ये चालू ठेवून हा कट १८० ते ३५० दरम्यान हळूहळू फिरवा आणि जिथे बाकी मिक्स मोकळा होतो तिथे थांबा. बूस्ट करून शोधण्याची पद्धत लोकप्रिय आहे, पण दहा डीबी वाढवल्यावर कोणतीही फ्रिक्वेन्सी वाईटच वाटते. त्यातून गरज नसलेले पाच-सहा कट लागतात आणि बेस पोखरला जातो.

एखादाच सूर घुमत असेल, समजा ई तारेच्या पाचव्या फ्रेटचा ए, म्हणजे ५५ हर्ट्झ, तर तिथे साधा कट लावू नका, कारण आजूबाजूचे सूरही पातळ होतील. क्लिप गेनने फक्त तेवढे सूर खाली आणा, किंवा डायनॅमिक ईक्यू असेल तर ५५ वर अरुंद पट्टा लावून तो सूर आला तरच ३ डीबी दाबा.

सावधान: सोलो बटण दाबून ईक्यू करू नका. एकट्याने सुंदर वाटणारा बेस बहुतेक वेळा मिक्समध्ये जाड आणि अस्पष्ट निघतो. मिक्समध्ये नीट बसलेला बेस एकटा ऐकला तर थोडा नाकातला आणि टोकदार वाटतो. ते बरोबर आहे, घाबरून बदलू नका.

## टप्पा ७: कॉम्प्रेशन

इथल्या चार नॉबपैकी अटॅक आणि रिलीज हे दोनच खरे आहेत. थ्रेशोल्ड (कोणत्या पातळीवरून दाबायचे) आणि रेशो (कोणत्या प्रमाणात दाबायचे) यांनी दाब किती ते ठरते. अटॅक (दाब किती वेळात लागतो) आणि रिलीज (तो किती वेळात सुटतो) यांनी बेसचा आकार ठरतो.

सुरुवातीला रेशो ४:१, अटॅक ४० मिलिसेकंद, रिलीज १५० मिलिसेकंद ठेवा. थ्रेशोल्ड इतका खाली आणा की मोठ्या सुरांवर गेन रिडक्शन (आवाज किती दाबला ते) ६ डीबीच्या आसपास आणि हळू सुरांवर १ ते २ डीबी दिसेल. आता अटॅक हळूहळू कमी करत जा. एका जागी बोटाचा फटका एकदम बोथट होतो. तिथून थोडे मागे या. बहुतेक वेळा तो आकडा २० ते ४० मिलिसेकंदांच्या मध्ये सापडतो.

अटॅक शून्याजवळ नेला की सुराची सुरुवात दबते, शेपूट वर येते आणि बेस गादीसारखा पसरतो. संथ गाण्यात तो पसरटपणा हवाही असेल. ठोसा हवा असेल तर नाही.

रिलीज गाण्याच्या लयीवर ठरवा. १२० च्या टेम्पोला चौथ्या हिश्शाचा सूर ५०० मिलिसेकंदांचा, आठव्याचा २५० चा. पुढचा सूर येण्याच्या जरा आधी सुई शून्याकडे परत आली पाहिजे. ती कधीच परत येत नसेल तर कॉम्प्रेसर नुसता आवाज कमी करून बसलाय. उलट टोकाला, ४१ हर्ट्झच्या लहरीचे एक आवर्तन २४ मिलिसेकंदांचे असते. रिलीज त्याहून छोटा ठेवला तर कॉम्प्रेसर सुराऐवजी लहरीच्याच मागे धावतो आणि खर्जात खरखर येते. जलद अटॅक आणि जलद रिलीज एकत्र असतील तर ही खरखर हमखास येते.

वादन फारच चढउताराचे असेल तर एका कॉम्प्रेसरवर सगळा भार न टाकता दोन लावा. पहिला जलद, उंच फटके २ ते ३ डीबी पकडणारा. दुसरा संथ, ऑप्टिकल धाटणीचा, ३ ते ४ डीबीने पूर्ण ओळ एकत्र बांधणारा. दोघांनी थोडे थोडे काम केले की दाब जाणवत नाही. स्लॅपसाठी मात्र पहिल्याच्या जागी लिमिटर (ठरवलेल्या पातळीवर काही जाऊ न देणारा) ठेवलेला बरा, कारण अंगठ्याचा फटका आणि खेचलेली तार यांच्यातला फरक फार मोठा असतो.

तपासणी: मेकअप गेन (दाबल्यानंतर आवाज परत वाढवणारा नॉब) असा ठेवा की कॉम्प्रेसर चालू आणि बंद दोन्ही स्थितींत आवाज सारखाच मोठा वाटेल. मग चालू-बंद करून ऐका. पातळी जुळवली नाही तर कान मोठ्या आवाजालाच चांगला म्हणतो.

## टप्पा ८: मधला पट्टा, जिथे बेस ओळखू येतो

मोबाइलच्या स्पीकरमधून ४१ हर्ट्झ बाहेर येतच नाहीत. तो स्पीकर साधारण २०० ते ३०० हर्ट्झच्या खाली फारसे काही देत नाही. तरी चांगल्या मिक्समध्ये बेसची ओळ मोबाइलवरही कळते, कारण वरचे हार्मोनिक्स ऐकून मेंदू गाळलेला मूळ सूर स्वतः भरून काढतो. म्हणून हे हार्मोनिक्स पुरेसे असणे गरजेचे आहे, आणि ते कमी पडत असतील तर सॅच्युरेशनने (आवाज जरा फाडून) तयार करता येतात.

आधी ईक्यूची दुसरी फेरी करा. ७०० हर्ट्झ ते १ किलोहर्ट्झ दरम्यान रुंद क्यूने २ ते ३ डीबी वाढवा. सूर पुढे येतात. पिकची किंवा बोटाची टकटक हवी असेल तर २ ते ३ किलोहर्ट्झला १ ते २ डीबी द्या. ६ ते ८ किलोहर्ट्झच्या वर बहुतेक गाण्यांत बेसकडे फक्त हिस आणि तारांवर बोट घासल्याचा आवाज उरतो. तिथे लो-पास (दिलेल्या आकड्यावरचा आवाज कापणारा फिल्टर) लावा. स्लॅपला तेवढी धार राहू द्या.

आता सॅच्युरेशन. बेसचा ट्रॅक डुप्लिकेट करा किंवा ऑक्सवर (मिक्सरमधल्या जोड चॅनेलवर) पाठवा, आणि त्या प्रतीवर हा क्रम ठेवा:

१. हाय-पास २०० ते २५० हर्ट्झवर, ६ किंवा १२ डीबी उताराचा.
२. डिस्टॉर्शन किंवा अँप सिम्युलेशन, एकटे ऐकल्यावर जरा जास्तच वाटेल इतके.
३. लो-पास ४ ते ५ किलोहर्ट्झवर.
४. फेडर पूर्ण खाली.

हाय-पास डिस्टॉर्शनच्या आधीच हवा. खर्ज डिस्टॉर्शनमध्ये गेला की तो वरच्या सुरांना हलवत राहतो आणि सगळे चिखल होते. मूळ ट्रॅक स्वच्छ राहतो, त्याचा खर्ज शाबूत राहतो. मिक्स चालू ठेवून प्रतीचा फेडर हळूहळू वर आणा. डिस्टॉर्शन म्हणून ओळखू यायला लागले की दोन डीबी मागे घ्या. म्यूट केल्यावर बेस अचानक मागे गेल्यासारखा वाटला की पातळी जमली.

सावधान: प्रतीवर २४ डीबी उताराचा हाय-पास लावू नका. एवढा तीव्र फिल्टर कट-ऑफजवळ फेज जवळजवळ उलटा करतो आणि मूळ ट्रॅकशी मिसळताना नेमका तिथेच खड्डा पडतो. प्रत चालू केल्यावर बेस जाड होण्याऐवजी पातळ झाला तर आधी हेच तपासा. लिनियर फेज ईक्यू असेल तर या प्रतीपुरता तो वापरा.

## टप्पा ९: किक आणि बेस, खाली कोण बसणार?

एकाच जागी दोघांना बसवायचा हट्ट सोडून निर्णय घ्या. किक छोटी, टणक आणि ७० ते ८० हर्ट्झच्या आसपासची असेल तर खालचा मजला बेसला द्या. किक खोल, ५० च्या आसपासची असेल तर बेसचा भर ८० ते १०० वर आणा. ज्याची जागा आहे त्याला वाढवण्याआधी दुसऱ्याला तिथे २ डीबी कापून बघा. अनेकदा तेवढ्यातच भागते.

दोघांना मोनोमध्ये (डावी-उजवी बाजू एक करून) एकत्र वाजवा आणि बेसची पोलॅरिटी उलटी करून ऐका. एका स्थितीत फटका जास्त घट्ट असेल. ती ठेवा. दोन क्षणांचे काम आहे आणि फार कमी लोक ते करतात.

तरीही टक्कर होत असेल तर साइडचेन: बेसवर कॉम्प्रेसर लावून त्याचा ट्रिगर किकला द्या. अटॅक १ ते ५ मिलिसेकंद, रिलीज ६० ते १०० मिलिसेकंद, गेन रिडक्शन २ ते ३ डीबी. मल्टिबँड (प्रत्येक पट्टा वेगळा दाबणारा) कॉम्प्रेसर असेल तर फक्त १२० हर्ट्झच्या खालचाच भाग दाबा, म्हणजे बेसची वरची ओळ किकबरोबर उघडझाप करणार नाही. नृत्यसंगीतात ती उघडझाप मुद्दाम ठेवतात, पण बँडच्या गाण्यात ती ऐकू आली तर रिलीज चुकलाय.

## टप्पा १०: इतरांकडून जागा आणि शेवटी पातळी

इलेक्ट्रिक गिटारांवर ८० ते १०० हर्ट्झला हाय-पास लावा. कीबोर्डच्या डाव्या हाताचे सूर बेसच्याच सप्तकात असतील तर ते वाजवणाऱ्याला वर न्यायला सांगा. ईक्यूने ते भांडण पूर्ण मिटत नाही. गिटारांमध्ये ७०० ते ९०० हर्ट्झ दरम्यान १ ते २ डीबी काढले की बेसला काहीही न वाढवता तो पुढे येतो. मला हा उपाय सगळ्यात जास्त आवडतो, कारण यात काहीच मोठे होत नाही.

बेस पॅन न करता (डावी-उजवीकडे न सरकवता) मध्येच ठेवा. कोरस किंवा स्टीरिओ इफेक्ट हवाच असेल तर १२० ते १५० हर्ट्झच्या खालचा भाग मोनो ठेवा. बेसवर रिव्हर्ब लावायचा मोह झाला तर त्यालाही तिथेच हाय-पास द्या.

पातळी ठरवताना मॉनिटर हळू करा, मिक्स मोनो करा, बेसचा फेडर शून्यापासून वर आणा. किक आणि गायक यांच्यामध्ये ओळ कळू लागली की थांबा. मग कडवे आणि धृपद यांत ऑटोमेशनने (फेडर आपोआप हलेल असे ठरवून) अर्धा ते दीड डीबीचा फरक द्या. धृपदात गिटार आणि झांजा वाढतात, तेव्हा तोच बेस बुडतो.

## टप्पा ११: शेवटची तपासणी

मोबाइलच्या स्पीकरवर ओळ गुणगुणता येते का? आली नाही तर टप्पा ८ कडे जा. खर्जाला हात लावू नका. मोठ्या स्पीकरवर किंवा गाडीत एखादाच सूर दारे थरथरवतो का? टप्पा ६ मधला डायनॅमिक ईक्यू. हेडफोनवर तारांची खडखड जास्त वाटते का? लो-पास थोडा खाली. बेस बंद केल्यावर गाणे हलके न होता मोकळे वाटते का? मग २०० ते ३०० मध्ये अजून कचरा आहे, आणि तो कदाचित बेसचा नसून गिटारचा आहे.

सगळ्यात शेवटी मास्टर ट्रॅकवर तात्पुरता लिमिटर लावा आणि त्याच्या सुईकडे बघा. सुई किकच्या आणि स्नेअरच्या फटक्यांवर हलत असेल तर ठीक. बेसच्या प्रत्येक लांब सुरावर ती दाबून बसत असेल तर खर्ज गरजेपेक्षा जास्त आहे. बेसचा ६० हर्ट्झच्या खालचा भाग लो-शेल्फने (खालचा सगळा भाग एकत्र उतरवणाऱ्या ईक्यूने) १ ते २ डीबी उतरवा, रेफरन्स गाण्याशी पातळी जुळवून पुन्हा ऐका, आणि मगच लिमिटर काढून मिक्स एक्स्पोर्ट करा. फाइल २४ बिटमध्येच ठेवा आणि सर्वांत उंच शिखर उणे ३ डीबीच्या खाली राहू द्या.